मोरचुदाचे दोन थेंब

भाताच्या शितावर आयोडीनचा थेंब टाकला की शीत काळंनिळं होतं, हे मी किती वर्षं शिकवते आहे, तरी त्या वेळी माझा श्वास अडकतोच. तपकिरी थेंब पांढऱ्या शितावर पडतो, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग शीत बघता बघता शाईत बुडवल्यासारखं होतं. मागच्या बाकावरून हमखास "आयला!" ऐकू येतं. एरवी वर्गात कोणी "आयला" म्हटलं तर मी त्याची चांगली हजेरी घेते. त्या तासाला घेत नाही, कारण माझ्याही मनात तेच आलेलं असतं.

मी रोह्याजवळच्या एका गावात विज्ञान शिकवते. शिकवते बरी, असं लोक म्हणतात. पण माझं तोंड फटकळ आहे आणि राग नाकाच्या शेंड्यावर. "बाईंचा आवाज हायवेपर्यंत जातो," असं एक पालक माझ्या तोंडावर म्हणाले होते. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. छे! मी ते घरी येऊन कौतुकाने सांगितलं होतं.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी मी बाळंतपणाच्या रजेवरून नुकती कामावर आले होते. घर पेणच्या खारेपाटात, खाडीच्या अंगाला. नवऱ्याची धाटावच्या कंपनीत शिफ्ट. आज सकाळची, पुढच्या आठवड्यात रात्रीची, त्यामुळे तो घरी असला तरी झोपलेला. मी सकाळी निघायची ती संध्याकाळी परत. लेक दिवसभर सासूबाईंजवळ. अंगावरचं दूध सकाळी आणि मी आल्यावर. मधल्या वेळेत तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र शिजवून केलेली पेज. पोर खायची मिटक्या मारत. वाटी चाटूनपुसून साफ.

आणि वजन मात्र वाढेना. अंगणवाडीतल्या ताईंनी वजनाच्या कार्डावर टिंब काढलं आणि कार्ड माझ्यासमोर धरलं. गेल्या खेपेला टिंब हिरव्या पट्ट्यात होतं, आता ते पिवळ्यात उतरलं होतं. "मॅडम, खाली लाल आहे," एवढंच त्या म्हणाल्या. पेणच्या डॉक्टरांनी लेकीला उलटंसुलटं करून तपासलं. आजार काही नाही म्हणाले. "खाते काय?" मी पाढा म्हणावा तसं सांगितलं, पेज खाते, डाळ खाते, वेळेवर खाते. "मग बघू पुढच्या महिन्यात," ते म्हणाले. तो पुढचा महिनाही तसाच गेला. नऊ महिन्यांची पोर, आणि तिचे दंड माझ्या दोन बोटांच्या कडीत मावायचे. रात्री मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची तेव्हा मणके एकेक हाताला लागायचे. मी घाबरले होते. आणि मी घाबरले की चिडते.

चिडायला घरात माणूस एकच होतं. मनातल्या मनात मी सासूबाईंना केव्हाच दोषी ठरवून टाकलं होतं. पोरीला वेळेवर भरवत नसतील, अर्धी पेज सांडत असतील, शेजारणीशी गप्पा मारत बसत असतील. त्यांनी उभा जन्म मिठागरात काढला, त्यांना काय कळणार बाळाचं पोषण! हो, असं मी म्हटलं मनात. नवऱ्याला त्यांनीच वाढवलं आणि तो चांगला आडवातिडवा आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्याच दिवसांत सहावीला अन्नघटकांचा धडा आला. मी मुलांना सांगितलं, घरात जे खातात ते काडेपेटीत मावेल एवढं आणा, आणि ज्याला जे पौष्टिक वाटतं ते आणा. दुसऱ्या दिवशी टेबलावर बाजार भरला. तांदूळ, शेंगदाणे, उकडलेलं अंडं, केळ्याची फोड, सुकट. सुकटीचा वास साऱ्या वर्गात. आणि वाल तर डझनभर पोरांनी आणलेले; भात कापला की इकडे शेतात वालच असतात.

आधी तेलाची परीक्षा. पदार्थ कागदावर घासायचा, कागद उजेडात धरायचा, डाग अर्धपारदर्शक दिसला की स्निग्ध पदार्थ आहे. शेंगदाण्याने डाग पाडला, बरोबर. मग वालानेही पाडला! एकाच्या नाही, साऱ्यांच्या वालांनी. मी चक्रावले. वालात एवढं तेल? पोरांनी भराभर वहीत लिहूनही टाकलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, वालाला कीड लागू नये म्हणून घरोघरी तेल चोळून ठेवतात! पोरं ते तेल चोळलेले वाल डब्यातून काढून तस्से घेऊन आली होती. मी खुर्चीत बसून हसले. म्हटलं, पदार्थ तपासायच्या आधी विचारायचं, घरात ह्याचं काय केलंय? आणि सगळ्यांना ती ओळ खोडायला लावली. असा शहाणपणा मी इतरांना फार सहज शिकवते.

मग प्रथिनांची पाळी. ह्या परीक्षेला मोरचूद लागतं, म्हणजे कॉपर सल्फेट. पोरांना ते ओळखीचं, सुपारीवर फवारतात ना. पदार्थ कुस्करून पाण्यात घालायचा, मोरचुदाच्या पाण्याचे दोन थेंब, मग कॉस्टिक सोड्याचे दहा. कॉस्टिक मी कोणाच्या हातात देत नाही. नळ्या त्यांच्या, थेंब माझे. प्रथिनं असतील तर निळ्याचं जांभळं होतं. आयोडीन झटक्यात बोलतं. हे तसं नाही. नळी हलवून ठेवायची आणि वाट बघायची. अंड्याच्या नळीत रंग हळूहळू उगवला. आधी निळा, मग कळेल न कळेलसा गुलाबी, मग जांभळा. चाळीस पोरं आणि पंख्याचा आवाज, बाकी काही नाही. ह्याच वर्गाला मी एरवी दर पाच मिनिटांनी "गप्प!" म्हणून ओरडते.

पहिल्या बाकावर एक मुलगी होती, खांब गावाहून यायची. चुणचुणीत, अक्षर मोत्यासारखं. तिने काडेपेटी आणली नव्हती, औषधाच्या छोट्या बाटलीत पाणी आणलं होतं. वाल शिजवलेल्या भांड्यातलं वरचं निवळ पाणी. मी तिच्या नळीत थेंब टाकले आणि पुढे गेले. फिरून आले तर वहीत तिने लिहिलेलं, 'जांभळा रंग आला. प्रथिने आहेत.' मी नळीकडे बघितलं. नळी निळी होती, चक्क निळी.

"ही तुला जांभळी दिसते?"

ती उभी राहिली. "नाय, बाई."

"मग डोंबलाचं लिहिलंस काय? पाणी ओतून आणलंस का फुकटचं?"

"नाय हो बाई! वालाचंच हाय. आमच्याकडं आजारी माणसाला हेच देतात. ताकद सगळी ह्याच पाण्यात असते."

"अगं, मग जांभळं कशाला लिहिलंस?"

ती मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "पुस्तकात वालात प्रथिनं हाय ना. आन् निळं लिवलं असतं तर तुम्ही ओरडला असता."

ओरडत तर मी होतेच. मी शेजारची वही घेतली, मग त्याच्या पलीकडची. केळ्याला जांभळा, तांदळाला जांभळा. ज्याला जो रंग माझ्या भीतीने सुचला तो त्याने लिहिला होता. नळ्या समोर उभ्या, निळ्याच्या निळ्या, आणि एकाही पोराने डोळ्यांवर विश्वास ठेवला नव्हता. बाकांच्या त्या रांगेत उभी राहून मला फार लाज वाटली.

"डबा उघड तुझा," मी तिला म्हटलं, ह्या वेळी जरा माणसासारखं. डब्यात भाकरी आणि वालाची उसळ होती. मी एक दाणा घेतला, मसाला धुऊन काढला, कुस्करून नव्या नळीत घातला. दोन थेंब, दहा थेंब. दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर शेजारी शेजारी धरल्या. अख्खा वर्ग टेबलाभोवती आला आणि कोणी कोणाला ढकललं नाही. पाण्याची नळी निळी ती निळीच. फार निरखून बघितलं तर किंचित फरक वाटेल न वाटेल एवढा. आणि दाण्याची नळी! जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसा रंग. एका दाण्यातून.

"म्हणजे बाई," ती मुलगी म्हणाली, "ताकद खालीच राहती? आन् आपण वरचं देतो?"

मला हे माहीत नव्हतं असं नाही. विरघळतं काय, गाळात राहतं काय, ह्यावर मी परीक्षेत उत्तरं लिहून पास झाले आहे. पण ते माहीत असणं आणि दोन नळ्या हातात धरणं ह्यात किती अंतर असतं! मला एकदम घरची वाटी दिसली. रोज संध्याकाळी मोरीत पडलेली, लेकीची स्टीलची वाटी. तिच्या तळाला कधीच काही चिकटलेलं नसायचं. घासायला सुद्धा लागायची नाही, नुसती विसळली की स्वच्छ. पेजेची वाटी अशी कशी असेल?

शाळेतली रसायनं घरी न्यायची नसतात, पण मी नेली खरी. मोरचुदाच्या आणि कॉस्टिकच्या बाटल्यांची बुचं घट्ट लावली, वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवल्या, दोन नळ्या घेतल्या आणि एसटी पकडली. वाटभर मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून बसले होते. पेणला उतरून रिक्षा करून घरी पोचले तेव्हा सासूबाई पडवीत लेकीला भरवत होत्या. लेक मला बघून पाय झाडायला लागली.

"थांबा," मी म्हटलं आणि त्यांच्या हातातली वाटी जवळजवळ हिसकावून घेतली. वाटीत फिकट पिवळसर पाणी, निव्वळ पाणी. मी नळीत घातलं, थेंब टाकले, हलवलं. सासूबाई लेकीला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. वाट बघितली. निळं. मग जरासं हिरवट. पण जांभळं काही होईना.

आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "पाणी पाजता तुम्ही तिला? रोज? ह्यात काही नाहीये, आई! पोर माझी लाल पट्ट्यात जायची वेळ आली आणि तुम्ही तिला दिवसभर पाणी पाजताय!" शेजारची बाई कुंपणाशी आली. मी थांबले नाही.

माझा श्वास संपला तशा सासूबाई आत गेल्या आणि बारीक जाळीची गाळणी घेऊन आल्या. गाळणीत मऊ शिजलेल्या तांदूळ-डाळीचा गोळा होता.

"तूच आनलीस नाय गो ही? पेनच्या बाजारातून?"

मीच आणली होती. दोन महिन्यांपूर्वी लेकीला शिताचा ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला, डोळे पांढरे झाले. मी तेव्हा घरात होते. पाठीवर थापट्या मारल्यावर शीत बाहेर आलं आणि मग मी सासूबाईंवर जो आवाज चढवला तो आठवला तरी नको वाटतं. आजपासून सगळं गाळून द्यायचं. एक कण तोंडात जाता कामा नये. एक कण जरी दिसला तर बघा! दुसऱ्याच दिवशी बाजारातली सगळ्यांत बारीक गाळणी आणून त्यांच्या हातात ठेवली. आणि मग रजा संपली, बस, शाळा, वह्या, आणि मी ते सगळं विसरून गेले. त्या विसरल्या नव्हत्या. रोज, दिवसातून तीनदा, मी सांगितलं तस्सं.

गाळणीतला चिमूटभर गोळा मी दुसऱ्या नळीत घातला. सासूबाई आता अगदी जवळ येऊन वाकल्या. मिठागरात असताना त्या नुसतं पाणी बघून सांगायच्या म्हणे, मीठ आज धरेल का उद्या. तसंच डोळे बारीक करून त्या नळीकडे बघत होत्या, आणि गंमत बघा, रंग फिरायला लागलेला माझ्याआधी त्यांना दिसला. "फिरला, फिरला!" त्या म्हणाल्या. मला अजून निळंच दिसत होतं. मग मलाही दिसलं. पडवीतल्या उन्हात ती नळी जांभळी होत गेली आणि आम्ही दोघी, मघाशी भांडत होतो ते विसरून, नुसत्या बघत राहिलो.

"अगो बाय! हे समदं त्या चोथ्यात व्हतं?"

"हो."

"दिसत तं काय नाय. कुठं बसला व्हता गो हा रंग?"

त्या इतक्या नवलाने विचारत होत्या की मला रडू फुटलं. त्यांना वाटलं मी अजून चिडलेय. त्या घाईघाईने म्हणाल्या, "मी टाकला नाय गो चोथा. अन्न टाकवत नाय. मी भाकरीसंगं खाल्ला." आणि हे बोलता बोलताच त्यांना काय ते कळलं. हात तोंडावर गेला. लेकीकडे बघितलं, परत नळीकडे बघितलं, आणि लेकीला जवळ ओढून खाली बसल्या.

"आई, तुमची चूक नाही," मी म्हटलं. "माझी आहे." हे शब्द माझ्या तोंडून त्या घरात पहिल्यांदाच निघाले असावेत. मग मी विचारलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं, "पण तुम्ही चार पोरं वाढवलीत. असं नुसतं पाणी देऊन चालत नाही हे तुम्हाला वाटलं नाही?"

"वाटलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोल्ले व्हते एकदा," त्या लेकीच्या केसांतून बोटं फिरवत म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. "तू तीन दिस माझ्याशी बोलली नव्हतीस. मंग म्हटलं, शिकलेली हाय, तिला ठाव असंल."

मला ते तीन दिवस आठवले सुद्धा नाहीत. मी खूप आठवून बघितलं.

त्या संध्याकाळी गाळणीतला गोळा मी चमच्याच्या पाठीने लोण्यासारखा मऊ चेपला, त्यावर तूप घातलं आणि सासूबाईंनी तो बोटाच्या टोकावर घेऊन लेकीला चाटवला. ठसका लागला तर म्हणून माझा एक हात तिच्या पाठीवर तयार होता. लेकीने तोंड वेडंवाकडं केलं, जिभेने थोडा बाहेर ढकलला, मग गिळला आणि परत आ केला. त्या दिवसापासून सासूबाईंनी भरवायचं कसं ते मला सांगायचं आणि मी ऐकायचं, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे जमलं असं नव्हे. दोनदा तोंड सुटलंच. पण दोन्ही वेळा मी परत जाऊन माफी मागितली, आणि दोन्ही वेळा त्या इतक्या अवघडल्या की चहा टाकायला आत पळाल्या.

शाळेत त्या मुलीच्या वहीतली ओळ मी तिलाच खोडायला लावली आणि खाली माझ्या लाल पेनने 'निळा. बरोबर निरीक्षण.' असं लिहून सही केली. बाकीच्यांना सांगितलं, जे दिसेल तेच लिहायचं, पुस्तकात काय आहे ते मी बघून घेईन. आठवडाभर कोणाचाच विश्वास बसला नाही. मग एकाने धीर करून लिहिलं, 'रंग समजला नाही,' आणि माझ्याकडे बघत बसला. मी त्याला पूर्ण गुण दिले.

पुढच्या महिन्यात अंगणवाडीत वजनाच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. सासूबाई नवं लुगडं नेसल्या होत्या, जसं काही लग्नाला चाललोय. लेकीला काट्याच्या झोळीत ठेवलं. ती लोंबकळत हातपाय मारत होती, त्यामुळे काटा स्थिर होईना. ताईंनी एका हाताने झोळी धरली आणि वाकून बघितलं. मग कार्ड घेतलं, बोट फिरवत वर नेलं आणि टिंब काढलं. हिरव्या पट्ट्यात, काठावरच, पण हिरव्यात.

मी वळून सासूबाईंकडे बघितलं. त्या कार्डाकडे बघत नव्हत्या, काट्याकडेही नाही. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आता आनंद झाला तर चालेल की नाही ते विचारल्यासारखं. मी हसले. मग त्या हसल्या.